हुकूमनाम्यानंतरचं व्याज

कर्ज साधंच होतं. माधवनगरातल्या एका यंत्रमागधारकाने 2012 साली मागांची शेड आणि राहतं घर गहाण टाकून एका बँकेकडून ₹8 लाख घेतले. व्याज 13 टक्के, आणि हप्ता थकला तर वर 2 टक्के दंडव्याज. काही वर्षं हप्ते नीट गेले. पुढे खर्चीच्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देण्याच्या, दरात वीजबिलसुद्धा भागेना आणि खातं थकलं. थकबाकी ₹20 लाखांच्या आतली, म्हणून प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे गेलं नाही. 2019 च्या जूनमध्ये सांगलीच्या दिवाणी न्यायालयात गहाणाचा दावा दाखल झाला. 2021 संपता संपता निकाल लागला, म्हणजे प्राथमिक हुकूमनामा झाला. मुद्दल म्हणून ₹9 लाख 60 हजार आणि दाव्याच्या तारखेपासून रक्कम फिटेपर्यंत दरसाल 9 टक्के सरळव्याज. सहा महिन्यांत पैसे भरले गेले नाहीत, अंतिम हुकूमनामा झाला, आणि बँकेने मिळकतीच्या लिलावासाठी दरखास्त लावली. अपील कुणीच केलं नाही.

मग आला 2024 चा जून. या माणसाकडे तीन कागद होते: हुकूमनाम्याची नक्कल, बँकेचा ताजा खातेउतारा, आणि रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकाची कुणीतरी पाठवलेली प्रत. तिन्ही कागद घेऊन तो दोघांकडे गेला. एक, त्याचे हिशेब बघणारी ताई. माधवनगर-बुधगाव पट्ट्यातल्या मागवाल्यांची जीएसटीची आणि खात्यांची कामं ती करते. दुसरे, निवृत्त वकीलकाका. सांगलीच्या कोर्टात उभी हयात त्यांनी बँकांची बाजू मांडली. दोघांचं म्हणणं एकमेकांच्या अगदी विरुद्ध निघालं. मी तिथे होतो, आणि मला वाटतं की ते भांडण सविस्तर मांडण्याच्या लायकीचं आहे. कारण न्यायालयाने निकाल दिल्यावर व्याजाचा वाद पुन्हा उकरता येतो का, हा प्रश्न घर गहाण असलेल्या प्रत्येकाचा आहे.

ताईने सुरुवातच उताऱ्यापासून केली.

"काका, हे बघा. 2016 चा मार्च. दंडव्याज ₹2,140 नावे टाकलंय. ठीक, करारात होतं. पण पुढच्या तिमाहीला ते मुद्दलात मिसळलं आणि त्यावर पुन्हा 13 टक्के. मी सगळ्या ओळी बेरजेला घेतल्या. दाव्यातल्या ₹9 लाख 60 हजारांमध्ये ₹38 हजार हे असलं दंडव्याज आणि त्यावरचं व्याज आहे. हे बेकायदा आहे. आणि बेकायदा आहे म्हणजे हुकूमनाम्यातली रक्कमच चुकीची आहे."

"बेकायदा कशावरून म्हणतीस?"

"सेंट्रल बँक विरुद्ध रवींद्र. ऑक्टोबर 2001. सर्वोच्च न्यायालयाचं पाच न्यायाधीशांचं पीठ, निकाल न्यायमूर्ती लाहोटींचा. ठरलेलं व्याज मुद्दलात मिळवायला हरकत नाही म्हणाले, पण दंडव्याज मुद्दलात मिळवता येणार नाही, दंडव्याजावर व्याज घेणं सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, हे स्पष्ट म्हणाले. त्यावर आता रिझर्व्ह बँकेचं 18 ऑगस्ट 2023 चं परिपत्रक. दंडव्याज म्हणून लावायचंच नाही, दंड आकार म्हणून वेगळा लावायचा, आणि तो मुद्दलात मिसळायचा नाही."

काकांनी हुकूमनामा चाळला. "निकाल बरोबर सांगितलास. आता मला सांग, कैफियतीत हे लिहिलं होतं का?"

कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, ताईकडे होती. तीन पानांची. दाव्यातला मजकूर खोटा आहे, नाकबूल आहे, बँकेने हिशेब बरोबर दिलेला नाही, दावा खर्चासह रद्द व्हावा. दंडव्याज हा शब्द त्यात कुठेही नव्हता.

"मग झालं," काका म्हणाले. "दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 11. पूर्वन्याय. ज्या मुद्द्यावर त्याच पक्षकारांत सक्षम न्यायालयाने ऐकून घेऊन निकाल दिला, तो मुद्दा पुन्हा चालवता येत नाही. आणि तू म्हणशील, दंडव्याजाचा मुद्दा तर निघालाच नव्हता. त्याच्यासाठी चौथं स्पष्टीकरण आहे. जो बचाव घेता आला असता आणि घ्यायला हवा होता, तो घेतलाच होता असं कायदा धरतो. करार कायद्याचं कलम 74 तेव्हाही होतं. थकल्यावर वाढीव दराने व्याज घेणं हा दंड ठरू शकतो, आणि तसं असेल तर न्यायालय वाजवी तेवढंच देईल, हे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. रवींद्रचा निकालही तेव्हा अठरा वर्षं जुना होता. हे सगळं हाताशी असताना कुणी वापरलं नाही. प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केलं असतं तरी चाललं असतं. ते केलं नाही की कलम 97 प्रमाणे अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलातसुद्धा तो मुद्दा काढता येत नाही. दारं एकेक करून बंद झालीत."

"त्याला माहीतच नव्हतं, काका. वकिलाने तीन पानांवर भागवलं."

"खरंय. वाईट वाटतं. पण माहीत नव्हतं हे कारण चालवलं, तर कुठलाच निकाल कधी पक्का होणार नाही."

काकांच्या बोलण्यात कोरडेपणा नव्हता. त्यांनी पक्केपणाची बाजू ज्या कळकळीने मांडली ती ऐकण्यासारखी होती. सांगलीने बुडालेल्या बँका पाहिल्यात. वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना गेला तेव्हा ठेवीदारांचे झालेले हाल इथल्या घराघरांत ठाऊक आहेत. काकांचं म्हणणं, कर्जाचा प्रत्येक निकाल कर्जदाराला हवा तेव्हा उघडता आला, तर वसुली कधीच पूर्ण होणार नाही आणि त्याची किंमत ज्याने पेन्शनचे पैसे ठेवलेत तो भरेल. 1960 च्या सत्यध्यान घोषाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वन्यायाचा पाया सांगितला तो हाच: एकदा ठरलेली गोष्ट पुन्हा ठरवायची नाही, निकाल चुकीचा वाटला तरी.

ताई मागे हटली नाही, आणि इथे तिने जो मुद्दा काढला तो काकांनाही थांबवणारा होता.

"चुकीचा निकाल आणि कायद्याने मना केलेल्या गोष्टीला मान्यता देणारा निकाल, यात फरक आहे ना? 2018 चा कॅनरा बँक विरुद्ध सुब्बराय शेट्टी घ्या. बेंगळुरूचा अगरबत्तीवाला. कर्ज थकलं, त्याने ट्रेडमार्क बँकेच्या नावे करून दिला आणि बँक त्याला दरमहा स्वामित्वशुल्क देणार असं ठरलं. बँकेने नंतर ते मोडलं, त्याने दावा केला, जिंकला. पुढच्या दाव्यात बँक म्हणाली, बँकिंग नियमन कायद्याप्रमाणे आम्हाला असा धंदा करताच येत नाही. खालच्या कोर्टांनी पूर्वन्याय म्हणून बँकेला अडवलं. सर्वोच्च न्यायालयाने नाही अडवलं. म्हणाले, कायद्याने बंदी असलेली गोष्ट आधीच्या निकालाच्या जोरावर चालू ठेवता येणार नाही. म्हणजे बँकेला सूट मिळाली. मग माझ्या मागवाल्याला का नाही?"

काका थोडे थांबले. "हा खरा मुद्दा आहे. त्याच्या आधीचा एक आपल्या मुंबई इलाख्यातला खटला आहे, मथुरा प्रसाद विरुद्ध दोसीबाई जीजीभॉय. बोरिवली तालुक्यातली मोकळी जमीन भाड्याने. भाडेकरू प्रमाणित भाडं ठरवून मागायला गेला. कोर्ट म्हणालं, मोकळ्या जमिनीला भाडे कायदा लागत नाही, मला अधिकारच नाही. उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. काही वर्षांनी उच्च न्यायालयानेच दुसऱ्या प्रकरणात म्हटलं, की लागतो. भाडेकरू परत गेला. 1970 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अधिकार आहे की नाही हा निव्वळ कायद्याचा प्रश्न चुकीचा सुटला असेल तर तो पूर्वन्याय होत नाही, कारण कोर्टाने स्वतःच्या चुकीच्या निकालाने स्वतःचे अधिकार कमी-जास्त करता कामा नयेत. आता तुझ्या प्रकरणात बघ. सांगलीच्या न्यायाधीशांना गहाणाचा दावा चालवायचा अधिकार होता का? होता. त्यांनी कुठल्या कायद्याने बंदी असलेली गोष्ट करायला सांगितली का? नाही. त्यांच्यापुढे एक आकडा आला, त्याला कुणी नेमकी हरकत घेतली नाही, त्यांनी तो मान्य केला. तो चुकीचा हुकूमनामा आहे. शून्य हुकूमनामा नाही. आणि दरखास्त चालवणाऱ्या कोर्टाला हुकूमनाम्याच्या मागे जाता येत नाही, तो आहे तसा बजावायचा. तुला लढायचंच असेल तर एक वाट उरते: विलंब माफीचा अर्ज देऊन जिल्हा न्यायालयात अपील. मुदत तीस दिवसांची होती. इथे वर्षं उलटली. उशीर का झाला, हे पटवावं लागेल."

"पटवीन."

"पटव. मी अडवत नाही. पण ते परिपत्रक त्यात घालू नकोस. ते पुढच्यासाठी आहे; नव्या कर्जांना 1 एप्रिल 2024 पासून आणि चालू कर्जांना 30 जून 2024 पर्यंत. ज्या कर्जाचा हुकूमनामा झाला, त्याचा हुकूमनामा ते परिपत्रक बदलत नाही."

माझं मत विचाराल तर ₹38 हजारांच्या प्रश्नावर काका बरोबर आहेत. ताईचा राग रास्त आहे, रवींद्रचा निकाल तिच्या बाजूचा आहे, पण तो निकाल दावा चालू असताना वापरायचा होता. आपल्याकडे कर्जाच्या दाव्यात कैफियत हा बहुतेकांना उपचार वाटतो; लढाई लिलावाच्या नोटिशीनंतर सुरू करायची असते, असा एक समज पसरलाय. त्या समजुतीने घरं गेली आहेत. खातेउतारा मागायचा, दंडव्याजाची प्रत्येक ओळ वेगळी काढायची आणि तिला कैफियतीत नाव घेऊन हरकत घ्यायची, हे काम पहिल्या काही महिन्यांत होतं. नंतर होत नाही.

पण बोलणं इथे संपलं नाही, कारण इतका वेळ गप्प बसलेला मागवाला मध्येच म्हणाला, "वकीलसाहेब, ही ₹38 हजाराची गोष्ट ऱ्हाऊ द्या. बँक मला ₹19 लाख भर म्हणतीया, त्याचं काय?"

काकांनी दुसरा कागद घेतला. बँकेचा खातेउतारा, जून 2024. एकूण मागणी ₹19 लाख 31 हजारांच्या आसपास.

"हे कुठून आलं?"

ताईने कॅल्क्युलेटर न घेता सांगितलं. "₹9 लाख 60 हजार, त्यावर 13 अधिक 2 म्हणजे 15 टक्के, वर्षाला मुद्दलात मिळवत, पाच वर्षं. बरोबर ₹19 लाख 31 हजारांच्या घरात येतं."

"आणि हुकूमनाम्याप्रमाणे?"

"9 टक्के सरळ. वर्षाला ₹86,400. पाच वर्षांचे ₹4 लाख 32 हजार. एकूण ₹13 लाख 92 हजार."

फरक ₹5 लाख 39 हजारांचा. ज्या ₹38 हजारांवरून इतका वेळ वाद चालला होता, ते त्यावरच्या 9 टक्क्यांसकट धरले तरी ₹55 हजारांच्या आसपास जातात.

"म्यानेजर काय म्हणले?" काकांनी विचारलं.

"म्हणले, कोर्टाचं कोर्टात. आमची शिष्टीम दावतीया त्यो आकडा भरा, त्याबिगर कागद सुटणार न्हाईत."

काका उठून उभे राहिले. मला त्यांचा राग अपेक्षित नव्हता; आयुष्यभर बँकेची वकिली केलेला माणूस. पण ते खरोखर चिडले होते.

"हाच तो पूर्वन्याय. मी मघापासून याला ज्या कलमाने अडवतोय, तेच कलम बँकेला अडवतं. बँकेने दाव्यात 15 टक्के मागितले होते. न्यायालयाने 9 दिले. कलम 11 चं पाचवं स्पष्टीकरण वाच: दाव्यात मागितलेली आणि हुकूमनाम्यात स्पष्टपणे न दिलेली दाद नाकारली गेली असं समजायचं. गहाणाच्या दाव्यात पुढचं व्याज किती, हे ठरवायचा अधिकार संहितेच्या आदेश 34 नियम 11 ने न्यायालयाला दिलाय, आणि न्यायालयाने तो वापरला. हुकूमनामा झाला त्या दिवशी करारातला दर संपला. बँकेला 9 टक्के कमी वाटत होते तर तिने अपील करायचं होतं. केलं नाही. आता शाखेत बसून, नोटीस नाही, सुनावणी नाही, तोच नाकारलेला दर परत लावायचा, हे निकाल उकरणंच आहे."

"पण मग बँकेच्या पुस्तकात हा आकडा येतोच कसा?" ताईने विचारलं.

"खातं अनुत्पादक झालं की बँक त्यावरचं व्याज उत्पन्नात धरत नाही, पण बाजूला नोंदत राहते. संगणकाला कुणी हुकूमनामा सांगत नाही. जुना दर तसाच चालू राहतो. मग एक दिवस कर्जदार काउंटरवर येतो आणि समोरचा माणूस पडद्यावरचा आकडा वाचून दाखवतो."

मला या प्रकरणातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच वाटते. कर्जदाराला निकाल उघडायचा असेल तर वकील हवा, कोर्ट फी हवी, विलंब माफीचं कारण हवं, आणि शेवटी बहुधा नकार. धनकोला तेवढंही लागत नाही. त्याच्या हातात मिळकतीचे मूळ कागद असतात आणि पुस्तक त्याचं असतं. म्हणून जो पक्केपणा आपण कोर्टात कर्जदाराला ऐकवतो, तो शाखेत बँकेलाही तितक्याच ठामपणे ऐकवला पाहिजे. नाहीतर पूर्वन्याय फक्त गरिबाला लागू होणारा नियम होऊन बसतो.

ताईला मात्र यावर आणखी म्हणायचं होतं, आणि तिने वाद थेट दीडशे वर्षं मागे नेला.

"काका, तुम्ही म्हणता निकाल म्हणजे निकाल. पण हा आपलाच मुलूख आहे, जिथे माणसांनी निकालाचे कागद जाळले. मे 1875. सुप्यापासून सुरू झालं. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत लोक सावकाराच्या दारात गेले, आणि त्यांना हवे होते कर्जरोख्यांचे आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांचे कागद. दंगलींच्या चौकशी आयोगानेच हे नोंदवलंय. हुकूमनामे, काका. कोर्टाचे. एकतर्फी झालेले, व्याजावर व्याज चढवून फुगवलेले. आणि त्यानंतर सरकारने काय केलं? 1879 चा डेक्कन शेतकरी मदत कायदा. पुणे, सातारा, सोलापूर, नगर. आपलं तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जायला सांगितलं. व्यवहार पहिल्या दिवसापासून तपासायचा, मध्ये झालेले तडजोडीचे आकडे बाजूला ठेवायचे, चक्रवाढ काढून टाकायची, हिशेब नव्याने मांडायचा. प्रतिवादी आला नाही तरी सरळ हुकूमनामा द्यायचा नाही, शक्य तिथे त्याला बोलावून तपासायचा. मग निकाल उघडणं पाप कसं?"

काका परत बसले. हा विषय त्यांच्या आवडीचा होता हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "आणि त्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश कोण होते ठाऊक आहे ना? महादेव गोविंद रानडे. या जिल्ह्यांतल्या खालच्या कोर्टांचे कागद मागवायचे, निकाल तपासायचे आणि चुकला असेल तर फिरवायचे, हे त्यांचं काम होतं. उच्च न्यायालयात जाण्याआधी त्यांनी ते वर्षानुवर्षं केलं. तू त्यांचं नाव काढलं असतंस तर मी लगेच गप्प झालो असतो असं नाही, पण ऐकलं असतं."

"मग?"

"मग फरक लक्षात घे. रानड्यांनी स्वतःच्या मनाने निकाल उघडले नाहीत. कायदेमंडळाने त्यांना तसा अधिकार दिला. पुढे 1947 चा मुंबई शेतकरी ऋणको साहाय्य कायदा आला, त्याने तर हुकूमनाम्याचं देणंही कर्जात धरलं आणि कमी करायची सोय केली. लोकांनी निवडलेलं सभागृह एका वर्गाच्या सगळ्या देण्यांवर नवा नियम करतं, तेव्हा तो नियम सगळ्यांना एकसारखा लागतो. एका मागवाल्याने एका निकालावर पुन्हा दावा लावला, तर तो ज्याच्याकडे चांगला वकील आहे त्यालाच लागतो. मला पहिलं चालतं. दुसरं नाही."

"आणि दामदुपट? मुद्दल ₹8 लाख, मागणी ₹19 लाख. दुपटीच्या पलीकडे गेलं."

"सावकारीच्या 2014 च्या कायद्यात दामदुपट आहे. बँकांना तो कायदा लागत नाही. शेतीकर्ज असतं आणि सहकारी संस्थेचं असतं तर सहकार कायद्याचं कलम 44 अ बघितलं असतं. इथे दोन्ही नाही."

ताईला हे उत्तर आवडलं नाही, आणि मला वाटतं ते न आवडणं बरोबरच होतं. 1879 च्या कायद्यातली एक गोष्ट आजही घेण्यासारखी आहे, आणि तिच्यासाठी एकही निकाल उघडावा लागत नाही. समोरचा माणूस तोंड उघडत नसला, त्याचा वकील तीन पानांवर भागवत असला, तरी व्याजाचा आकडा न्यायाधीशाने स्वतः तपासायचा. ताईने नेमकं हेच मांडलं: बँकेने दाव्यातच मुद्दल, करारातलं व्याज आणि दंडव्याज तीन वेगळ्या रकान्यांत दाखवावं, आणि दंडव्याज मुद्दलात मिसळलेलं असेल तर हरकत असो वा नसो, न्यायालयाने ते वगळूनच हुकूमनामा द्यावा. रवींद्रच्या निकालात रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांविरुद्ध मुद्दलात मिळवलेलं व्याज मुद्दलातून काढायचं म्हटलंच आहे. ते काम पक्षकाराच्या आठवणीवर सोडू नये.

"हे मला मान्य आहे," काका म्हणाले. "पूर्ण मान्य. पण ते पुढच्या दाव्यांसाठी. याच्यासाठी काय करायचं ते आता ठरव. अगं, पैसे काही भरलेत का याने हुकूमनाम्यानंतर?"

मागवाल्याने खिशातून पावती काढली. बारा दिवसांपूर्वी, घरातलं सोनं मोडून, ₹2 लाख. थेट शाखेत. ताईने खातेउताऱ्यात ती नोंद शोधली आणि बोट ठेवलं. जमा ₹2 लाख; आणि समोर, दंडव्याजापोटी.

"ही पावती सांभाळ," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. "हुकूमनाम्यानंतर कोर्टाबाहेर पैसे भरले तर ते कोर्टात नोंदवावे लागतात. आदेश 21 नियम 2. बँकेने स्वतः कळवलं नाही तर कर्जदाराने अर्ज करायचा. मुदत पैसे भरल्यापासून तीस दिवस. ती गेली की दरखास्त चालवणारं कोर्ट ते पैसे धरतच नाही; हातात पावती असून लिलाव पूर्ण रकमेचा होतो. मी हे माझ्या डोळ्यांसमोर होताना पाहिलंय, आणि तेव्हा मी बँकेच्या बाजूला उभा होतो."

मागवाल्याचा चेहरा उतरला. "आता अठरा दिवस ऱ्हायले."

"भरपूर आहेत. सोमवारी विजयनगरच्या कोर्टात जायचं. अर्जात दोन मागण्या. एक, ₹2 लाख हुकूमनाम्यापोटी मिळाल्याची नोंद व्हावी. दंडव्याजापोटी नव्हे, कारण हुकूमनाम्यात दंडव्याज नावाचं काही नाहीच. दुसरी, कलम 47 खाली, आजच्या तारखेला हुकूमनाम्याप्रमाणे देणं किती, हे कोर्टाने ठरवावं. हुकूमनामा किती फिटला आणि किती राहिला, हा वाद दरखास्तीच्या कोर्टातच सुटतो. त्यासाठी वेगळा दावा चालत नाही, लागतही नाही. इथून पुढे जे भरशील ते कोर्टात भर. बँकेला नोटीस लागली की तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबतं."

"आणि एकरकमी परतफेडीचं पत्र दिलंय बँकेने," ताई म्हणाली. "₹19 लाख 31 हजारांत सवलत देऊन ₹15 लाखांत मिटवू म्हणतात. दादा सही करायला निघाला होता."

"सही करू नको," काका थेट मागवाल्याकडे वळून म्हणाले. "देणं ₹13 लाख 92 हजारांचं, त्यातून तू भरलेले ₹2 लाख वजा. त्याला ₹15 लाखांची सवलत म्हणणं चूक आहे. सही केलीस तर तू स्वतः हुकूमनाम्यापेक्षा जास्त देणं कबूल केलंस असं होईल, आणि ते मिटवणं कोर्टात नोंदलं गेलं की मग मी सुद्धा काही करू शकणार नाही. बोलणी करायची तर हुकूमनाम्याच्या आकड्यापासून खाली करायची."

"सगळं फिटल्यावर कागद?" मागवाल्याने विचारलं.

हे ताईला ठाऊक होतं. रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या निर्देशाप्रमाणे 1 डिसेंबर 2023 पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ₹5,000 कर्जदाराला. "फक्त फिटलं म्हणजे किती, हे बँकेच्या शिष्टीमने नाही, कोर्टाने ठरवलेलं पाहिजे," ती म्हणाली. "म्हणून सोमवारची ती दुसरी मागणी पहिलीइतकीच महत्त्वाची."

विलंबाच्या अपिलावर दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. ताई ते करणारच होती. ₹38 हजार हा आकडा लहान असला तरी असा आकडा माधवनगरच्या किती शेडवर चढलाय ते तिला माहीत आहे, आणि जिल्हा न्यायालयाने एकदा तरी रवींद्रचा निकाल अशा प्रकरणात मोठ्याने वाचावा असं तिला वाटतं. काकांना वाटतं विलंब माफ होणार नाही, आणि व्हायलाही नको. पण अपिलाचा मसुदा तपासून द्यायला ते तयार झाले. अट एकच घातली: अपिलाच्या नावाखाली मागवाल्याने पैसे भरणं थांबवायचं नाही, कारण हुकूमनाम्याचे 9 टक्के रोज चालू आहेत, आणि अपील दाखल झाल्याने ते थांबत नाहीत.